कनव्हर्टर पुन्हा पुन्हा का जातो?

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली. गावं वेगळी, गाड्या वेगळ्या, पण प्रश्न जवळपास एकच. "डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कॅटॅलिटिक कनव्हर्टर गेलाय म्हणाले. बदलला. वर्षही झालं नाही तोवर दिवा परत आला आणि परत तेच सांगताहेत. आता काय करायचं?"

उत्तर आधीच देतो आणि मग कारणं सांगतो. आज नवा कनव्हर्टर घेऊ नका. कनव्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मारणारा इंजिनातच बसलेला असतो. तो सापडेपर्यंत तुम्ही कितीही नवे कनव्हर्टर बसवा, त्यांची गत तीच होणार. आणि हा भाग स्वस्त नाही. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. म्हणून आज आपण मारेकरी शोधायची पद्धत पाहू. आपण पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दलच बोलणार आहोत. डिझेलची यंत्रणा वेगळी, तिच्यासाठी वेगळा भाग लागेल.

आधी कनव्हर्टर म्हणजे काय ते दोन मिनिटांत. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक पत्र्याचा डबा असतो. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीसारखी वीट असते. या छिद्रांच्या भिंतींवर त्या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या थरावरून जाताना त्यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमध्ये होतं. तीन विषांवर काम करतो म्हणून त्याला थ्री-वे म्हणतात. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसं या धातूंच्या थराला निकामी करतं, म्हणून त्याच वेळी तिथे बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं. २००० साली ते देशभर आलं.

आता दोन आकडे लक्षात ठेवा. कनव्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला जागा होतो. चालत्या गाडीत तो ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान काम करतो. त्याच्यापुढे, ९०० ते १००० अंशांच्या वर गेला की धातूंचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग कमी होतो. आणखी तापला तर वीटच वितळते. म्हणजे त्याला उष्णता हवी, पण मापात.

आता दिव्याकडे येऊ. बहुतेक गाड्यांत कनव्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सेन्सर इंजिनाच्या मिश्रणावर लक्ष ठेवतो. जुन्या पद्धतीचा सेन्सर असेल तर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत खाली-वर होत राहतं, कारण संगणक मिश्रण किंचित पातळ, किंचित दाट असं करत असतो. कनव्हर्टरमध्ये सिरियम ऑक्साइड असतं. ते जास्तीचा ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं. त्यामुळे चांगल्या कनव्हर्टरच्या मागच्या सेन्सरचं व्होल्टेज जवळपास स्थिर, ०.६ ते ०.७ च्या आसपास दिसतं. ही साठवण संपली की मागचा सेन्सरही पुढच्यासारखा नाचू लागतो. संगणक ते पाहतो, सलग दोन फेऱ्यांत तेच दिसलं की दिवा लावतो आणि पी ०४२० हा कोड नोंदवतो.

आता या कोडचा अर्थ नीट ऐका. "पहिल्या बँकेतल्या कनव्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेपेक्षा कमी." एवढंच. कशामुळे कमी, हे त्यात नाही. कनव्हर्टर बदला, असंही त्यात नाही. कोड म्हणजे पंचनाम्याची पहिली ओळ. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती पहिली ओळच निकालपत्र म्हणून वाचली जाते. घोळ तिथून सुरू होतो.

म्हणून पहिला नियम. स्कॅनर लावल्यावर कोड लगेच पुसू देऊ नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते. दिवा लागला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, मिश्रणाची दुरुस्ती किती चालू होती, हे सगळं त्यात असतं. "डिलीट" दाबलं की ती नोंदही जाते. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. शिवाय सोबत दुसरे कोड आहेत का ते विचारा. पी ०३०० ते पी ०३०४ असेल तर इंजिन मिसिंग करतंय. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी ०१७२ म्हणजे दाट. पी ०१२८ म्हणजे इंजिन हवं तेवढं गरम होत नाही. हे कोड ०४२० च्या सोबत असतील तर आधी त्यांचा निकाल लावायचा. ०४२० ला शेवटी हात घालायचा.

दुसरा नियम. आरोपी खरंच दोषी आहे का ते पाहा. कनव्हर्टर चांगला असूनही हा कोड येऊ शकतो. मागच्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला किंवा गॅस्केटला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. थंड इंजिन चालू करून जोडांजवळ फुसफुस ऐका, काळी काजळी दिसते का पाहा. धुराची मशीन असेल तर उत्तम. सेन्सर जिवंत आहे का हेही तपासता येतं. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला की मिश्रण दाट होतं, मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.८ च्या आसपास चढायला हवं. चालत्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, तेव्हा ते शून्याजवळ उतरायला हवं. दोन्हीकडे पोचत असेल तर सेन्सर ठीक आहे. काही मॉडेलांसाठी कंपनी संगणकाचं सुधारित सॉफ्टवेअर काढते, ते आहे का हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

समजा हे सगळं पाहिलं आणि कनव्हर्टर खरंच गेला आहे. तर तिसरा नियम: जुना कनव्हर्टर फेकू देऊ नका, भंगारात देऊ नका. तो उघडून पाहा. मेलेला कनव्हर्टर बोलतो, आणि खरं बोलतो.

वीट वितळून काचेसारखी झाली असेल, मध्ये खळगा पडला असेल, तर न जळलेलं इंधन आत येऊन पेटत होतं. म्हणजे मिसिंग. प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा त्यांची वायरिंग. वीट काळ्या काजळीने माखली असेल, तर मिश्रण सतत दाट होतं. विटेच्या पुढच्या तोंडावर राखाडी-तपकिरी राखेचा थर असेल, तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस असतात, फॉस्फरस त्या धातूंच्या थरावर बसतो आणि तिथून हटत नाही. पांढरट कवच असेल आणि कूलंटची पातळी कुठे गळती न दिसता कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा. आणि वीट तडकून खुळखुळत असेल, डब्याला बाहेरून पोचा असेल, तर स्पीडब्रेकरचा दणका किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना तापलेल्या विटेवर बसलेला थंड पाण्याचा झटका. पावसाळ्यात ही गोष्ट फार होते.

आता चौथा टप्पा, इंजिनाची तपासणी. इथे क्रम महत्त्वाचा. स्वस्त आणि सोप्यापासून महाग आणि अवघडाकडे जायचं.

सगळ्यात आधी मिसिंगची मोजणी. चांगला स्कॅनर प्रत्येक सिलिंडरने किती वेळा मिस केलं ते दाखवतो. तुम्हाला गाडी चालवताना झटका जाणवला नाही म्हणून मिसिंग नाही असं समजू नका. थोडं थोडं मिसिंग माणसाला कळत नाही, कनव्हर्टरला कळतं. संशय आला तर त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहायची. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल दोषी. नाही सरकलं तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे जायचं.

सीएनजी गाडीवाल्यांनी इथे कान द्यावा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो, सीएनजीवर मिस करतो. आणि सीएनजीतला मिथेन कनव्हर्टरमध्ये सहज जळत नाही. म्हणून तपासणी दोन्ही इंधनांवर स्वतंत्रपणे करायची. गॅरेजमध्ये पेट्रोलवर दहा मिनिटं चालवून "सब ठीक" म्हणणं म्हणजे निम्मी तपासणी.

त्यानंतर फ्युएल ट्रिम. संगणक मिश्रणात किती टक्के भर घालतोय किंवा कपात करतोय तो आकडा. उणे-अधिक ५ टक्क्यांत असेल तर निर्धास्त राहा. १० च्या पुढे सतत असेल तर शोध घ्या. आयडलिंगला मोठा अधिक आकडा आणि २५०० आरपीएमला तो खाली येत असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी हवेची गळती आहे. उलट, वेग वाढल्यावर आकडा वाढत असेल तर इंधन कमी पोचतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे. मोठा उणे आकडा म्हणजे इंजेक्टर गळतोय, पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहतोय किंवा इंधनाचा दाब जास्त आहे. इथे एक भर. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. म्हणून नवं पेट्रोल भरल्यावर जुन्या गाडीचा ट्रिम काही टक्के अधिककडे झुकणार, तो बिघाड नव्हे. पण आधीच हवेची गळती असेल तर दोन्हींची बेरीज होते.

आणखी एक आपल्याकडची खास सवय. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. मग इंजिन कधी पुरेसं गरमच होत नाही, संगणक समजतो अजून सकाळ आहे, आणि इंधन जास्त देत राहतो. ॲव्हरेज जातं, ऑइल पातळ होतं आणि कनव्हर्टर काजळीने भरतो. गाडी जुनी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे ना, हे एकदा विचारा.

आता हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका नमुन्यावर पाहू. समजा, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, १,१०,००० किलोमीटर झालेली. ०४२० आला, कनव्हर्टर बदलला, आठ महिन्यांत आणि १२,००० किलोमीटरमध्ये ०४२० परत आला. दुसरा कोड नाही. गळती नाही, सेन्सर जिवंत आहेत. मिसिंगची मोजणी जवळपास शून्य. ट्रिम अधिक २ ते ३. म्हणजे ठिणगी आणि मिश्रण दोघंही सुटले. आता मालकाला एक साधा प्रश्न: दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वरून टाकावं लागतं का? "हो, दीड हजार किलोमीटरला लिटरभर लागतं, पण जुनी गाडी आहे." मंडळी, १२,००० किलोमीटरमध्ये हे झालं आठ लिटर ऑइल. बाहेर थेंब पडत नाही, म्हणजे ते सगळं जळून कनव्हर्टरमधून गेलं. जुन्या विटेच्या तोंडावर तपकिरी राख दिसते. दुवा जुळला.

पण थांबायचं नाही. ऑइल जातंय कुठून? सगळ्यात स्वस्त संशयित पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो अडकला तर क्रँककेसमधलं ऑइल वाफेसकट इनटेकमध्ये ओढलं जातं. तो काढून पाहिला, ठीक आहे. मग कॉम्प्रेशन. चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआयमध्ये, म्हणजे सारखे. लीक-डाउन चाचणीतही रिंगांकडून फारशी हवा जात नाही. रिंगा बहुधा सुटल्या. आता धूर कधी दिसतो ते विचारायचं. सकाळी चालू करताना निळसर फुगा, आणि सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून निघताना पुन्हा. वेगात चढावर नाही. हे व्हॉल्व्ह सीलचं लक्षण. उभ्या इंजिनात ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं आणि चालू झाल्यावर जळतं. रबराच्या त्या छोट्या टोप्या बदलायला मजुरी लागते, पण बऱ्याच गाड्यांत इंजिन पूर्ण खोलावं लागत नाही आणि खर्च नव्या कनव्हर्टरच्या मानाने कमी असतो. क्रम बघा: आधी सील, मग दोन हजार किलोमीटर चालवून ऑइलच्या कांडीवर खात्री, आणि त्यानंतर कनव्हर्टर. उलट क्रमाने केलं असतं तर तिसरा कनव्हर्टरही त्याच राखेत गेला असता.

आता खरेदीबद्दल. दिसायला सारख्या डब्यांच्या किमतीत मोठा फरक असतो, कारण आतल्या धातूचं प्रमाण बाहेरून दिसत नाही. फार स्वस्त डब्यात धातूचा थर इतका कमी असू शकतो, की तो काही महिन्यांतच संगणकाच्या मर्यादेखाली उतरतो. मग मारेकरी नसतानाही कोड परत येतो. म्हणून तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर, पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी याशिवाय घेऊ नका. जुना डबा मागून घ्या, त्यातल्या धातूला भंगारातही किंमत असते.

आणि एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल: "साहेब, आतली वीट काढून टाकतो, डबा रिकामा ठेवतो, कटकटच नको." नको म्हणा. पीयूसीत गाडी अडेल. कार्बन मोनॉक्साइड तर मोजतातच, शिवाय नव्या पेट्रोल गाड्यांना लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडल्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. पण दंड बाजूला ठेवा. तुमच्या सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये सकाळी गाडी चालू करता, तेव्हा तो कार्बन मोनॉक्साइड कुणाच्या नाकात जातो, ते बघा. शाळेच्या बसची वाट बघणारं पोर तिथेच उभं असतं. वीट काढल्याने मारेकरीही जात नाही. इंजिन ऑइल खातच राहतं, मिसिंग वाढतच राहतं, फक्त सांगणारा साक्षीदार गेलेला असतो.

रोजच्या चालवण्यातल्या चार गोष्टी. दिवा स्थिर असेल तर चालवत गॅरेजपर्यंत जा, घाई नाही. दिवा लुकलुकत असेल तर तो कनव्हर्टर जाळणाऱ्या मिसिंगचा इशारा आहे. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा आणि गाडी टो करून न्या. लुकलुकत्या दिव्यावर दामटलेले वीस किलोमीटर नव्या कनव्हर्टरच्या किमतीला पडू शकतात. बॅटरी उतरली तर धक्का मारून स्टार्ट करू नका, न जळलेलं पेट्रोल थेट कनव्हर्टरमध्ये जातं. जंपर केबल वापरा. ऑइल मालकाच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच टाका आणि दर दोन आठवड्यांनी कांडी बघा. आणि प्लग "अजून चालतात" म्हणून ठेवू नका, ठरल्या किलोमीटरला बदला.

दुरुस्तीनंतरही एक फसवणूक टाळा. कोड पुसला की दिवा विझतो, पण तो दुरुस्तीचा पुरावा नाही. संगणकाला कनव्हर्टरची चाचणी पुन्हा घ्यायला ठरावीक तऱ्हेने गाडी चालावी लागते, थोडी शहरात, थोडी महामार्गावर एका वेगात. चाचणी पूर्ण झाली का हे स्कॅनरवर रेडिनेस या यादीत दिसतं. तिथे कनव्हर्टरपुढे "पूर्ण" आलं आणि कोड नसेल, तरच पैसे चुकते करा.

गॅरेजमध्ये जाताना हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. फ्रीझ फ्रेममध्ये काय आहे? सोबत दुसरे कोड आहेत का? दोन्ही इंधनांवर ट्रिम आणि मिसिंगचे आकडे किती? हजार किलोमीटरला ऑइल आणि कूलंट किती कमी होतं? आणि जुना कनव्हर्टर उघडल्यावर आत काय दिसलं? जो कारागीर या पाचांची उत्तरं देतो, किंवा "थांबा, बघून सांगतो" म्हणतो, त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्या. जो एकही उत्तर न देता नव्या डब्याची किंमत सांगतो, त्याला नमस्कार करून पुढच्या गॅरेजकडे वळा. चांगले कारागीर सगळ्या गावांत आहेत, आणि असे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांनाही आवडतं.

पुढच्या भागात डिझेलच्या पार्टिक्युलेट फिल्टरबद्दल बोलू. तुमचे स्कॅनरचे आकडे आणि उघडलेल्या कनव्हर्टरचे फोटो जरूर पाठवा.